उंदरांशी गोड बोलणारा

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे मशेरी भाजणं.

दुपार कलत आलेली. आमची खोली आंबिवलीला, तिसऱ्या मजल्यावर. गॅलरीचं दार सताड उघडं टाकलं, पोळीला निकामी झालेला लोखंडी तवा गॅसवर ठेवला आणि तंबाखूचं पान चुरून त्यावर टाकलं. बायको समोर खुर्चीत बसलेली, पाय हलवत. पोरीचं नाव तिला आठवत नव्हतं, माझं तर गेल्या दिवाळीपासून नाही. पण मशेरी कुठवर भाजायची ते बरोबर माहीत.

"कच्ची हाय अजून," ती म्हणाली.

मी ढवळत राहिलो. धूर झाला. मला खोकला लागला तशी ती खुदकन हसली. खालच्या मजल्यावरची बाई ओरडली, "काका, घर पेटलं का काय?"

"पेटलं तर पहिली हाक तुलाच मारीन," मी वरून म्हटलं.

पान काळं झालं. वाटीच्या बुडानं ते रगडलं, तिच्याच जुन्या लुगड्याच्या तुकड्यातून गाळलं. तिनं बोट बुडवलं, दातांवर फिरवायला घेतलं आणि डोळे अर्धे मिटले. पश्चिमेचं ऊन तिच्या मांडीवर आलेलं. धूर त्या उन्हात असा तरंगत होता की खोली पाण्याखाली गेल्यासारखी वाटावी.

मला तिला एक गोष्ट सांगायची होती. दहा-बारा वर्षं सांगायची होती. त्या दुपारीही तोंडाशी आलेली. ती अशी.

मी सातवी शिकलेला माणूस. आधी वागळे इस्टेटला एका कारखान्यात मशीनवर होतो. तो बंद पडला तेव्हा ओळखीनं कोलशेतच्या बाजूला एका औषधांच्या प्रयोगशाळेत लागलो. काम काय, तर उंदीर सांभाळायचे. घरातले नव्हेत, पांढरे आणि काळे, कानाला बारीक खाच मारलेले. पिंजऱ्यातला भुसा बदलायचा, खाणं घालायचं, पाण्याच्या बाटल्या वजन करून वहीत लिहायच्या. चाळीत लोक हसले. म्हणाले, गावाला उंदीर मारायचास, इथं त्यांचे लाड करायला पगार घेतोस. घेतो म्हटलं. तुम्हाला कोण देतंय का?

ती खोली मला अजून डोळे मिटले की दिसते. उंदीर रात्री जागतात. आमच्या मॅडमना ते जागे असताना काम करायचं असायचं, म्हणून तिथं दिवसाची रात्र केलेली. बाहेर रखरखीत ऊन आणि आत लाल दिवा. लाल उजेड उंदरांना दिसत नाही, त्यांना तो काळोखच. मी आत गेलो की मला सगळे दिसायचे आणि त्यांना मी फक्त वासानं आणि आवाजानं कळायचो. चारशे जीव कुरतडत, खुसपुसत असायचे. पाऊस पडायच्या आधी पानं हलतात तसा तो आवाज. मी त्यांच्याशी बोलायचो. "काय म्हणता? झोप झाली का? अरे बाबा, सरक, भुसा घालू दे." जेवणाच्या सुट्टीत बाहेर आलो की ऊनच खोटं वाटायचं.

त्या उंदरांत मॅडमनी फेरफार केलेला होता. जन्माच्या आधीच. मला त्यांनी समजावलेलं ते असं, की मेंदूत बारीक बारीक दारं असतात. तंबाखू आली की एका दारावर थाप पडते, दार उघडतं, जीव खूश होतो आणि मग परत परत मागतो. काही उंदरांचं ते दारच मॅडमनी बुजवून टाकलेलं. प्रत्येक पिंजऱ्याला दोन बाटल्या. एकीत साधं पाणी, एकीत तंबाखूचा अर्क. ज्यांचं दार जागेवर ते अर्काच्या बाटलीशी जायचे. ज्यांचं बुजवलं त्यांना काहीच वाटायचं नाही, कुठलीही बाटली चालायची.

मी एकदा म्हटलं, "मॅडम, हे अर्कवाले लई हावरट आहेत."

त्या म्हणाल्या, "काका, हावरट काय त्यात? त्याला दार आहे, तो मागणारच. उंदराचा काय दोष?"

मला ते पटलं. मी मान हलवली. रोज त्या बाटल्या वजन करायचो आणि मनात म्हणायचो, बिचारा, त्याचा काय दोष.

माझी बायको साताऱ्याकडची. नऊ वर्षांची असल्यापासून मशेरी लावायची, तिच्या आईनं शिकवलेली. सकाळी लावली नाही तर तिला चहा गोड लागायचा नाही. माणसं माझ्यापेक्षा मशेरीवरून तिला ओळखायची. मला तेव्हा त्याचं काही नव्हतं.

प्रयोगशाळेचा नियम होता. आत जाताना आंघोळ, वासाचा साबण नाही, डोक्याला तेल नाही, आणि अंगावरचा कोट तिथलाच, तिथंच धुतलेला. पण तिथला धोबी कोट धुवायचा म्हणजे पाण्याला दाखवून आणायचा. पिवळट पडलेला. एका शनिवारी मी तो पिशवीत घालून घरी आणला. कोणाला विचारलं नाही. तिला म्हटलं, "तुझ्या हातचं पांढरं दाखव जरा."

तिला केवढी हौस वाटली. कॉलर तर दोनदा घासली, नीळ घातली. गॅलरीत वाळत घातला, मग कडक इस्त्री करून खुंटीला लावला. आणि रविवारी, नेहमीसारखी, तव्यावर मशेरी भाजली.

सोमवारी तो कोट घालून मी लाल खोलीत गेलो. मला वास आला नाही, माझं नाक त्याला सरावलेलं. उंदरांना आला. सगळे कोपऱ्यात जमा झाले. एवढी गच्च शांतता त्या खोलीत मी कधी ऐकली नव्हती. दोन दिवस बाटल्यांची वजनं भलतीच आली. आणि एका काळ्या मादीनं, जिची पिल्लं होण्यासाठी मॅडम वर्षभर थांबलेल्या, ती पिल्लं खाल्ली. भुईमुगाच्या ओल्या दाण्यासारखी सहा होती. घाबरली की उंदीर आपलीच पिल्लं खातो.

मॅडम माझ्या कोटाजवळ आल्या आणि थांबल्या. "काका, घरी कोणी तंबाखू भाजतं का?"

ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. मी "बायको" एवढंच म्हटलं. कोट मी घरी नेला, नियम मी मोडला, हे म्हटलं नाही.

घरी आलो तो सरळ मोरीवर गेलो, तिचा मशेरीचा डबा उचलला आणि खाली जाऊन गटारात फेकला. सगळ्या मजल्यांवरच्या बायका बघत होत्या. वर येऊन म्हटलं, "लाज वाटते मला. घाणेरडी सवय. तुझ्यापायी माझी नोकरी जात होती."

ती एवढंच म्हणाली, "कोट पांढरा झालेला का?"

मी मोरीवर जाऊन हात धुतले.

त्यानंतर माझ्यासमोर तिनं कधी मशेरी लावली नाही. सोडली नव्हती. शेजारणीकडे जाऊन, तोंडावर पदर धरून लावायची, मला ठाऊक होतं. पन्नाशी उलटलेली बाई चोरासारखी वागायला लागली. आणि मी दुसऱ्या दिवशी लाल खोलीत अर्कवाल्या उंदराला हातावर घेऊन म्हणत होतो, बिचारा, तुझा काय दोष. माणसाला आपलं बोलणं ऐकू येत नाही ते असं.

पुढं मी रिटायर झालो. मग तिचं विसरणं सुरू झालं. आधी गॅस, मग किल्ली, मग वार. कल्याणच्या डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं. ते नाव मला नवं नव्हतं. त्याच आजाराचे उंदीर मॅडमनी बनवलेले होते, माणसातला बिघाड त्यांच्यात घालून. त्यांना एका गोल टबात सोडायचं. पाण्यात पांढरा रंग कालवलेला, आणि पाण्याखाली एका जागी पाय टेकायला छोटा चौथरा, न दिसणारा. चांगला उंदीर दोन-चार दिवसांत जागा लक्षात ठेवतो, सरळ जाऊन चढतो. आजारी उंदीर कडेकडेनं गोल फिरत राहतो. वेळ संपली की मी त्याला हातानं चौथऱ्यावर नेऊन बसवायचो, थोडा वेळ बसू द्यायचो, कळावं म्हणून. मग टॉवेलनं पुसून दिव्याखाली ऊब द्यायचो.

ती आमच्या मजल्यावर तशीच फिरायची. भिंतीला हात लावत, एकेक दार चाचपत, आमच्या दारावरून चार वेळा पुढं जायची. मी जाऊन हात धरायचो, पलंगावर आणून बसवायचो. "हे आपलं घर. बस जरा. बघ." ती बसायची, बघायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा भिंत. चौथरा काही तिला सापडला नाही. दिवसाची रात्रही झाली. भर दुपारी म्हणायची, झोपा आता, दिवे मालवा. मी पडदे ओढायचो. आमचे पडदे तांबडे आहेत. त्या उजेडात मला कधीकधी कळायचं नाही मी कुठल्या खोलीत आहे.

आणि एक दिवस, सगळं विसरलेल्या त्या बाईनं, माझ्यापासून लपवायचं हेही विसरून, माझ्याकडंच मशेरी मागितली.

डोंबिवलीची आमची पोरगी म्हणाली, "बाबा, डॉक्टर नको म्हणालेत. तुम्ही स्वतः किती तमाशा केला होता."

"केला होता," मी म्हटलं. "तिला दार आहे. ती मागणारच."

पोरीला ते कळलं नाही. बाजारात जाऊन मी तंबाखूचं पान घेऊन आलो.

तर ती शेवटची दुपार. मशेरी लावून झाली. तिनं चूळ भरली, पदरानं तोंड पुसलं आणि माझ्याकडं वाकून हळूच म्हणाली, "भाऊ, आमच्या घरी कळू देऊ नका हं."

"कोणाला?"

"आमच्या मालकांना. लई तापट हाय माणूस."

"मारतो का?"

"छ्या, हात न्हाई लावला कधी. पर उंदरांशी गोड बोलतो म्हनं तिकडं. माझ्याशी न्हाई."

माझ्या हातातली वाटी तशीच राहिली. खाली कोणाच्या तरी कुकरची शिट्टी झाली. सांगायची वेळ हीच होती. मीच तो, कोट मी आणलेला, तुझी काही चूक नव्हती. पण मीच तो म्हटलं असतं तर ती घाबरली असती. पदर तोंडावर घेतला असता. इतक्या वर्षांनी ती माझ्यासमोर उघड्या तोंडानं बसलेली.

"मी समजावतो त्यांना," मी म्हटलं.

"न्हाई ऐकायचा तो." ती हसली. "पर तुम्ही बरं हाय, भाऊ. मशेरी चांगली भाजता."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती उठली नाही. हात लावला तर गार. पोरगी आली, शेजारच्या बाया आल्या. त्यांनी तिला आंघोळ घातली, हिरवं लुगडं नेसवलं, मळवट भरला. खालच्या मजल्यावरची बाई ब्रशवर पेस्ट घेऊन आली. म्हणाली, "काका, दात तेवढे चोळून काढते. तोंड उघडं राहतंय आणि काळं दिसतंय. माणसं येतील आता."

"राहू दे," मी म्हटलं.

"बाबा, अहो बरं दिसत नाही," पोरगी म्हणाली.

"राहू दे म्हटलं ना."

मी ब्रश खालच्या बाईच्या हातातून घेतला आणि मोरीवर नेऊन ठेवला. मग येऊन बायकोच्या उशाशी मांडी घालून बसलो. माणसं येऊ लागली. येईल तो वाकायचा, नमस्कार करायचा. कोणी काही विचारत नव्हतं. मीच एकेकाला सांगत होतो, "मशेरी लावायची ती. मीच भाजून द्यायचो. तो डबा फेकलेला ना, त्यात तिची काही चूक नव्हती. कोट मी आणलेला घरी."

लोक एकमेकांकडं बघायचे आणि पुढं सरकायचे. मी पुढच्याला सांगायचो.