अंगणात वाळत घातलेला हिरडा

लिहिण्याचा सराव नसताना उतारवयात हे धाडस करतो आहे, याबद्दल क्षमा असावी. आज वैद्यांच्या दुकानात हिरड्याचा तुरट वास आला आणि कापडे गावातले आमचे अंगण आठवले. शेतातला भात आम्हांला वर्षभर पुरत नसे. रानातला हिरडा वाळवून दासगावच्या बंदरात विकता आला, तर बाबांना मुंबईच्या गिरणीत जावे लागणार नव्हते.

त्या दिवशी वाळत घातलेल्या हिरड्याभोवती बाबा सारख्या येरझाऱ्या घालीत होते. मधूनच एखादा हिरडा दगडाने फोडून, वाळला का ते पाहत होते.

“अवो, सगळा फोडून बघाल तर विकायला बियाच उरतील,” आई म्हणाली. “जरा बसा ना!”

इतक्यात पश्चिमेकडे ढग दाटून आले. आई धावत हिरडा गोळा करू लागली. बाबा मात्र तेव्हाच ओटीवर स्वस्थ बसले.

त्यांची ती स्वस्थता आता मला बसू देत नाही. वाचकहो, बाबांना खरोखर घरी राहायचे होते का?