नव्या तांदळासाठी अडलेले आमदार

नव्या तांदळाच्या भाताचा वास आला की ती घटना आजही डोळ्यांपुढे उभी राहते. गोंदिया जिल्हा वेगळा होऊन फार काळ झाला नव्हता आणि भंडारा जिल्ह्यातल्या एका ठाण्यात मी नवा फौजदार होतो. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. कलमं पाठ होती. माणसांशी बोलताना मात्र जीभ अडखळायची.

सकाळीच फोन आला. आमदारांचे स्वीय सहायक सरपंचाच्या घरून घाबऱ्या आवाजात बोलत होते. "अड्याळच्या पुढच्या गावात साहेबांना डांबून ठेवलंय. दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेचं उद्घाटन केलं, आता लोक गाव सोडू देत नाहीत." स्टेशन डायरीत नोंद करून चार शिपाई घेऊन मी निघालो.

पाहतो तर आमदार मंचावर खुर्चीत. गळ्यात हार, हातात चहा. हातातली काठी कुठे लपवावी, मला कळेना.

आमदार जुन्या वळणाचे. त्यांचं भाषण गावोगाव एकच असे. "नोकऱ्या सरकारी कचेरीत पिकत नाहीत, चालत्या यंत्रावर पिकतात. यंत्राला वीज लागते. फुकट काही मागू नका, पण वीज का नाही, याचा जाब जरूर विचारा."

गावातली छोटी राइस मिल बायकांचा बचत गट चालवत असे. त्याच्या अध्यक्षबाईंपासून मी चौकशी सुरू केली.

"साहेबांना कोणी अडवलं?"

"आमी काहून अडवू जी? नव्या तांदळाचा भात खाल्ल्याबिगर पाव्हण्याले जाऊ देत नाही आमच्यात. साहेब सोता माइकवर बोलले, खाऊनच जाईन म्हणून."

"मग वाढा."

"धान हाये, मिल हाये, लाइन नाही. गावचा विजेचा डीपी जळला तवापासून मिल बंद. लोकं धान तुमसरले नेऊन राहिले. असंच चाललं त आमच्या बायांचं यंदाचं काम गेलं."

"उखळात कांडा."

"मुसळ आणून देतो. तुमच्या शिपायायले सांगा कांडायले."

शिपाई एकदम झाडावरचे पक्षी पाहू लागले.

मग मी चाचरत आमदारांचा जबाब घेतला. "साहेब, जबरदस्तीनं बसवलंय का?"

"मुळीच नाही. शब्द दिलाय. भात खाल्ल्याशिवाय उठणार नाही."

सहायकांनी कपाळाला हात लावला. "साहेब, वीज कार्यालयाला एक फोन करा ना."

"वशिल्यानं वीज आणणार नाही. फौजदार, त्या इंजिनिअरला इथं आणा. लोकांसमोर जाब देऊ दे."

गुन्हा कोणता, हे अजून ठरत नव्हतं. तरी गाडी पाठवली. कनिष्ठ अभियंता उतरला तोच घाम पुसत. बॅटरीवरच्या माइकवरून आमदार गरजले, "नवा डीपी कुठं अडलाय?" अभियंता हातातले कागद उगाच चाळू लागला.

मी त्याला बाजूला नेऊन आधी पाणी दिलं. घाबरलेला माणूस घसा ओला झाल्यावरच खरं बोलतो, हे मी तेव्हा शिकलो.

"डीपी केव्हाच आलाय," तो पुटपुटला. "आमच्या आवारात ताडपत्रीखाली आहे. पण लोकार्पण साहेबांच्या हस्ते आहे, तारीख मिळेपर्यंत बसवू नका, असा निरोप होता."

"कोणाचा?"

त्यानं नजरेनंच सहायकांकडे दाखवलं.

मी मंचावर जाऊन आमदारांच्या कानात सांगितलं. त्यांनी चहाचा रिकामा कप खाली ठेवला. वाटलं, आता माझी बदली. पण त्यांनी हार काढून सहायकांच्या हातात दिला आणि माइक ओढला. "जाब मलाच द्यायचा आहे."

"मंग द्या जी," अध्यक्षबाई खालून म्हणाल्या. "आमी बसलोच हाओत."

आमदारांनी सगळं सांगितलं. फीत, नारळ काही न करता दिवस मावळायच्या आत डीपी बसला. मिलचा पट्टा फिरला आणि बायकांनी धानाची पोती आत ओढली.

अटक कोणालाच झाली नाही. पुढे नोकरीत कुठंही काम अडलेलं दिसलं, की संशयित शोधण्याआधी मी विचारत असे, कोणाच्या तारखेची वाट पाहताय? बऱ्याचदा तपास तिथंच संपे.

त्या संध्याकाळी आमदारांच्या पानात वाफाळता भात वाढत अध्यक्षबाई म्हणाल्या, "पोटभर खा जी. पुन्हा लाइन गेली का बोलावतोच तुमाले."