देव झालेली फांदी

नंदनवन वस्तीतल्या आमच्या गल्लीतून रोज बकऱ्या घेऊन जाणाऱ्या बाईंनी मला वाचवलं. नाव विचारायचं राहिलंच.

वादळात दारच्या उंबराची मोठी फांदी फाटकात आडवी पडली. बायकोचे दिवस भरलेले, ऑटो दाराशी यायलाच हवा होता. आठवीत शाळा सोडून सांगलीकडून आलेला मी. इथे कुणी नातलग नाही, घरात कुऱ्हाड नाही. कुऱ्हाड मागून आणेपर्यंत कुणीतरी फांदीला हळदकुंकू वाहून उदबत्ती लावली होती. झालं, फांदीचा देव झाला. शेजारी हात लावेनात. मीही घाबरलो.

तेवढ्यात त्या बाई आल्या. गालात तंबाखू-सुपारीचा खर्रा, हातात विळा बांधलेली काठी.

"असा काहून उभा राहून राहिला गा?"

मी सांगितलं.

"देव हाय ना? मंग त्याले म्हण, बाजूले सरक."

देव सरकला नाही. त्यांनी उदबत्ती उपटून माझ्या हातात दिली आणि बकऱ्या सोडल्या. "खा वं बायांनो, परसाद हाय."

बकऱ्या पाल्याला भिडल्या. बाईंनी डहाळ्या तोडून भिंतीशी रचल्या, जाड लाकूड आम्ही दोघांनी ओढलं. शेजारच्या काकूंनी खिडकीतूनच हात जोडले. देवाला की बकऱ्यांना, कळलं नाही.

काय देऊ विचारलं, तर म्हणाल्या, "मले काय पुसतं? बकऱ्यायले पूस."

संध्याकाळी ऑटो थेट दाराशी आला. पोरगी दवाखान्यात सुखरूप जन्मली.

बाई, कधी तुमच्या दारात असं काही आडवं पडलं, तर पहिला घाव मी घालीन. कुंकू लावलेलं असलं तरी.