वहिनीची आजी होताना

सुनेला दिवस गेलेत हे कळलं आणि घरातले सगळे बाळाच्या नावामागे लागले. मी माझ्या नावामागे लागले. बाळाला बारशात काही ना काही नाव मिळणारच होतं. आजीला काय म्हणायचं ते मात्र आधी ठरवलं नाही, तर पोरं तोंडाला येईल ते म्हणतात आणि ते जन्मभर चिकटतं. हे मला कुणी शिकवायला नको, मी भोगलंय.

लग्न होऊन मी अंबरपेठेत आले तेव्हा घरात चार दीर, सगळ्यात धाकटा तिसरीत. उजाडल्यापासून "वहिनी, डबा", "वहिनी, माझा शर्ट" सुरू. माझा मुलगा त्याच गलक्यात बोलायला शिकला आणि तोही मला वहिनीच म्हणायला लागला. तशी एकत्र घरांतून ही रीतच होती, आमचे हे स्वतःच्या आईला काकू म्हणायचे. "शिकेल हळूहळू," सासूबाई म्हणाल्या. त्याला मिशी फुटली तरी शिकला नाही.

पहिलीत असताना बाईंनी त्याला विचारलं, घरी तुझा अभ्यास कोण घेतं? वहिनी, म्हणाला. बाई म्हणाल्या, वहिनी नको, उद्या आईला घेऊन ये. हा शहाणा घरी येऊन मलाच म्हणतो, "वहिनी, बाईंनी आईला बोलावलंय. आता काय करायचं?" दुसऱ्या दिवशी बरी साडी नेसून मीच गेले, दुसरं कोण जाणार.

तो कॉलेजात गेल्यावर तर कहरच. सुलतान बाजारात माझ्या पिशव्या धरून "वहिनी, इकडं" म्हणून हाका मारायचा. एक बांगडीवाला मला म्हणाला, "भाभी, देवर बहुत मानता आपको." आता त्याला काय सांगू? दीर शोभेल एवढा मुलगा आणि वहिनी शोभेल अशी मी, म्हणून त्या दिवशी जरा बरंही वाटलं. घरी आल्यावर नाही वाटलं.

तर आता आजी होताना मी गाफील राहणार नव्हते. टीव्हीवर नवी नवी चॅनेलं आली तशी आज्यांचीही नवी नवी नावं आली होती. माझी एक मैत्रीण माई झाली, दुसरी चक्क ग्रॅनी. शेजारची तेलुगू बाई म्हणाली, नानम्मा म्हणवून घ्या, गोड वाटतं. ह्यांना विचारलं तर म्हणाले, "मला काहीही म्हणू दे, जेवायला बोलावलं म्हणजे झालं." मी ठरवून टाकलं. आजी. साधं, सरळ, मागेपुढे काही न लावलेलं आजी.

नात झाली. मुलगा आणि सून दोघंही सॉफ्टवेअरमध्ये, सकाळी आठला कंपनीची बस. म्हणून आम्ही दोघं अंबरपेठेचं घर बंद करून त्यांच्या कुकटपल्लीच्या फ्लॅटवर राहायला गेलो. पहिल्याच दिवशी मी मुलाला बजावलं, पोरीसमोर वहिनी बंद. मला आजी म्हणायचं. बिचारा महिनाभर "वही... आजी, चहा" असा अडखळत होता. सुनेनंही तिचं सांगून ठेवलं. ती पुण्याची. "आई, हिला ते मम्मी-बिम्मी नको हं. मला आईच म्हणायला हवं तिनं."

"हौ," म्हटलं, "तू तुझं बघ, मी माझं बघते."

वर्षभर मी डोळ्यांत तेल घालून वहिनीवर पहारा ठेवला. आणि जे यायचं ते दुसऱ्याच दारानं आत आलं. सून मला लग्नापासून आई म्हणायची. अख्ख्या जगात तेवढी एकटीच. "आई, किल्ली कुठंय", "आई, येते", "आई, जेवली का ती". हे माझ्या ध्यानातच आलं नाही. एके दिवशी नात चालता चालता सोफ्याला धरून थांबली, माझ्याकडं नीट बघितलं आणि म्हणाली, "आई."

संध्याकाळी सून आली. आमची कामवाली रोज दार उघडताना म्हणायची, "बेबी, मेडम आ गये." नातीनं आईकडं बोट दाखवलं आणि म्हणाली, "मेडम." हे खोकला येईपर्यंत हसले. मुलगा हसला. सूनही हसली, मग हात धुवायला म्हणून गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही.

"शिकेल हळूहळू," मी म्हणाले. सासूबाईंचंच वाक्य, शब्दन् शब्द.

खोटं कशाला बोलू, शिकवण्यासाठी मी काडीही हलवली नाही. आठ दिवस मी ते आई ऐकून घेतलं. काम नसताना उगाच आतल्या खोलीत जाऊन बसायची, म्हणजे ती हाक मारत येईल. आली की पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही, दुसरीची वाट बघायची. या वयात असले चाळे करताना मला लाज वाटायला हवी होती. वाटली नाही.

मग रविवारी पोरगी उंबऱ्याला अडखळून पडली. ओठ फुटला. "आई" म्हणून टाहो फोडला. सून तिथंच होती, ती खाली बसली, हात पसरले. पोरगी तिला वळसा घालून आली आणि माझ्या गुडघ्यांना बिलगली. सून तशीच, हात पसरून. तिचा चेहरा मी बघितला. त्या वर्षांत माझाही असाच होत असणार, तेव्हा कुणी बघितला नव्हता एवढंच.

चहाच्या वेळी मी तिला म्हणाले, "आजपासून मला आई म्हणायचं नाही. आजी म्हणायचं. तूसुद्धा."

"असं काय, आई?"

"आजी."

"मग तुम्हाला आई कोण म्हणणार?"

"इतकी वर्षं कोण म्हणत होतं? काही अडलं का माझं?" असं म्हणून मी भेंड्या चिरायला घेतल्या. मुलगा समोर पेपर वाचत बसला होता. बराच वेळ त्यानं पान उलटलं नाही.

मग घरात शाळाच सुरू झाली. सून मला आजी म्हणायची, हेही आजी म्हणायचे, आणि कामवालीला मी "मेडम नक्को, आई आ गये बोल" म्हणून पढवलं. तीही परेशान झाली, पण बोलायला लागली. महिना लागला. एका संध्याकाळी नात दाराकडं धावली आणि सुनेला म्हणाली, "आई." सून खांद्यावरची बॅगही न काढता उंबऱ्यातच बसली, तिला कवटाळून. त्याच आठवड्यात मला "आदी" मिळालं. आजीच्या जवळच आलं ते. ठरवलं होतं तेच झालं, तरी मला दोन दिवस घरात करमेना.

नंतर एका दुपारी नातीला नुकतं झोपवलं होतं आणि फोन वाजला. ती उठेल म्हणून मी धावत जाऊन उचलला.

"हॅलो, आई?"

"राँग नंबर," म्हणाले आणि ठेवून दिला. स्वयंपाकघरापर्यंत गेले आणि थांबले. आवाज ओळखीचा होता.

फोन पुन्हा वाजला. "वहिनी, मी आहे."

"कळलं," मी म्हणाले. पलीकडं मुलाच्या ऑफिसातला गलका येत होता.

"काही नाही, सहज केला होता," तो म्हणाला.

"ठेव," मी म्हणाले, "आणि परत लाव. या वेळी नाही ठेवायची मी."