निळ्या शर्टाचा तुकडा

आमच्या केंद्रात भाताच्या रोगावर संशोधन चालायचं आणि कुंपणाबाहेर नजर जाईल तिथवर कापूस होता. यवतमाळहून येणारा प्रत्येक पाहुणा याबद्दल विचारायचा. आमचे शास्त्रज्ञ सांगायचे, "इथे भात नाही, म्हणूनच इथे." उत्तर बरोबर होतं. टुंग्रो हा भाताचा विषाणूंमुळे होणारा रोग हिरवे तुडतुडे पसरवतात. आमच्या जाळीघरातून रोगट तुडतुडा निसटला, तरी आसपास त्याला बिघडवायला भाताचं रोपच नव्हतं. बाहेर कापसाची पानं लाल पडत होती. लोक ती पानं पिशवीत घालून फाटकावर यायचे आणि आम्ही त्यांना सांगायचो, हे भाताचं केंद्र आहे. मीही अनेकदा सांगितलं आहे. किती वेळा, ते लिहून ठेवलं नाही.

माझं काम नोंदी ठेवण्याचं. जाळीघरात तुडतुड्यांची देखभाल एक रोजंदारीचे काका करायचे. माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठे, जवळच्याच गावचे. रोगट रोपावरचे तुडतुडे काचेच्या नळीने ओढून घ्यायचे आणि निरोगी रोपांच्या नळ्यांत दोन-दोन सोडायचे, हे नाजूक काम. माझ्या हातून दहातले दोन चेंगरायचे, त्यांच्या हातून एकही नाही. कापसाच्या हंगामात ते सकाळी सहा ते दहा दुसऱ्यांच्या शेतात फवारणी करायचे आणि अकराला आमच्याकडे यायचे. कापसावरही तुडतुडे पडतात, ते जातीने वेगळे.

"सायेब, तिकडं मी पंप घेऊन यायले मारून राह्यलो, अन् इकडं तुमी यायले पाळून राह्यले," ते म्हणायचे. "एखाद्या दिवशी चुकून उलटं करून बसीन मी."

आम्ही दोघंही हसायचो.

त्या वर्षी भाताच्या एका नव्या वाणाची चाचणी होती. नव्या वाणाची चाळीस रोपं आणि शेजारी हमखास रोग घेणाऱ्या जुन्या वाणाची चाळीस. प्रत्येक रोपावर दोन तुडतुडे, चोवीस तास. मग तुडतुडे काढायचे आणि तीन आठवडे थांबायचं. जुन्या वाणाची चाळीसपैकी चौतीस-पस्तीस रोपं दर वेळी पिवळी-नारिंगी पडायची. या वेळी पडली तीन. नव्या वाणाचं एकही नाही.

डोळ्यांवर विसंबायचं नाही म्हणून पानं बर्फाच्या डब्यात घालून नागपूरच्या प्रयोगशाळेत पाठवली. तिथे पानातल्या विषाणूच्या जनुकाच्या असंख्य प्रती काढतात. फोटोत प्रत्येक रोपाचं एक घर असतं, विषाणू असेल तर त्यात ठरलेल्या जागी रेघ दिसते. जुन्या वाणाच्या चाळीस घरांपैकी सदतीस कोरी आली. नव्याची सगळी कोरी. नवा वाण रोगाला दाद देत नाही, असं अहवालात लिहायची तयारी सुरू झाली. मी शास्त्रज्ञांना म्हटलं, "सर, जुनाही आजारी पडला नाही. मग नव्याचं काय सिद्ध झालं?" त्यांनी दोन्ही वाणांचे आकडे पुन्हा ताडून पाहिले. माणूस प्रामाणिक होता. म्हणाले, "कारण शोधा."

मी वही मागे चाळली. चाचणीच्या दुसऱ्या दिवशीची माझीच नोंद सापडली. नळ्यांतून तुडतुडे काढताना काका म्हणाले होते, "सायेब, बहुतेक मेलेच हायेत." मी मोजले नव्हते. 'उकाड्यामुळे मर' असं लिहून मोकळा झालो होतो. खात्री न करता मी नोंद केली ती ही एकच, असं मला अजून वाटतं.

काकांना विचारलं, "त्या दिवशी फवारून आला होतात?"

"रोजच येतो न. पंप पाठीवर गळते."

"शर्ट हाच?"

"दुसरा बाजारात घालाले ठेवला हाये. काहून?"

कारण सांगितलं आणि शर्ट मागितला. त्यांनी लगेच काढून दिला आणि बनियनवर उभे राहिले. निळ्या शर्टाची पाठ कडक झाली होती, वास येत होता. मी मागच्या बाजूने खालच्या टोकाचा दोन बोटं रुंद तुकडा कापला.

"शिवून देसान मंग," ते म्हणाले. "नाई त बायको म्हणन, ऑफिसात उंदरं बी पाळले का तुमी."

एका बरणीत भाताचं रोप, तो तुकडा आणि वीस तुडतुडे. दुसरीत तसंच, फक्त धुतलेल्या कापडाचा तुकडा. बरण्या बंद करून मी शर्ट परत दिला. काकांनी तो माझ्यासमोर घातला आणि बटणं लावली. मी वहीत वेळ लिहीत होतो. साडेतीन.

सकाळी पहिल्या बरणीत एकोणीस मेलेले होते. दुसरीत एक.

मी तसंच लिहून दिलं. दोन दिवसांत वरून आदेश आला की फवारणी करणाऱ्या कुणालाही जाळीघरात घेऊ नये. मी शास्त्रज्ञांना म्हटलं, "एक धुतलेला सदरा इथे ठेवू. येऊन बदलतील." ते म्हणाले, "अंगावरचं काय करणार? अंगालाही लागलेलं असेलच की." ते वाक्य मी चाचणी वाचवण्याच्या बाजूने ऐकलं. काकांच्या बाजूने ऐकायला मला दोन दिवस लागले.

काकांना सांगायचं काम माझ्याकडे आलं. मी आकडे सांगितले, वीसपैकी एकोणीस, एका रात्रीत. ते शर्टाच्या कापलेल्या टोकाशी बोटं चाळवत राहिले.

"तुडतुडे मेले त चौकशी झाली," ते म्हणाले. "बरं केलं. मले त तीन वर्सं झाली यातच. डोकं दुखते, डोये चुरचुरतात, मी म्हणलं ऊन लागलं आसन. तुमीबी उकाडाच लिहिलं होतं न?"

त्यांनी टोमणा मारला की सहज विचारलं, हे मला आजही ठरवता येत नाही.

घरी बायकोला सांगितलं. तिने एवढंच विचारलं, "मग शर्ट परत कशाला दिला?"

चाचणी पुन्हा घेतली. तुडतुडे मीच सोडले. जुन्या वाणाची चाळीसपैकी पस्तीस रोपं पिवळी पडली आणि नव्याची एकतीस. नवा वाण कुचकामी निघाला. अहवालात कपड्यांवरल्या औषधाचा उल्लेख एका ओळीत आला. काका त्यानंतर दिवसभर फवारणीला जाऊ लागले. पुढच्या हंगामात दिग्रसच्या स्टँडवर दिसले. डोळे लाल होते. बसमध्ये चढता चढता म्हणाले, "तुडतुडे बरे हायेत न सायेब?" मी हो म्हटलं. बस निघाली. त्यानंतरची त्यांच्याबद्दलची कोणतीही नोंद माझ्याकडे नाही, म्हणून पुढचं लिहीत नाही.

तो तुकडा वहीत बरण्यांच्या चाचणीच्या पानाला टाचणीने लावलेला होता. त्या पानावर चाळीस मेल्या-जगल्या तुडतुड्यांचा हिशेब आहे. शर्ट कोणाचा, हे मी तिथे लिहिलं नव्हतं. 'कामगाराचे कापड' एवढंच लिहिलं होतं.