नावेतल्या गाण्याची बॅटरी

बॅटरीच्या दुकानात किस्से जमतात, त्याला कारण आहे. उतरलेली बॅटरी चार्ज व्हायला अख्खा दिवस लागतो. ज्याचा ट्रॅक्टर बंद पडला तो माणूस तोवर जाणार कुठे? तो आमच्या बाकावर बसतो, चहा मागवतो आणि बोलत सुटतो. लाखनीत हायवेला लागून आमचं दुकान. बारा वर्षांत असे किती जण बसून गेले, कोणी मोजलं नाही.

दुकान दादाचं. दादा म्हणजे माझा मोठा भाऊ, गणेश. दीड महिन्यापूर्वी याच हायवेवर एका ट्रकनं त्याची मोटारसायकल उडवली. मागे वहिनी राहिली, मी राहिलो. दुकान राहील की नाही, ते कोणालाच सांगता येत नव्हतं. मी आठवी नापास. मी घाई करतो, हे अर्ध्या तालुक्याला माहीत. वहिनीचा भाऊ किशोर तेराव्यालाच म्हणाला, "ताई, हा पोट्टा दुकान बुडवन. विकून टाक!"

वहिनी चहाचे कप उचलून आत गेली. मी ऐकून घेतलं. पण गप्प बसलं की छातीवर कोणीतरी बॅटरी ठेवल्यासारखं होतं, म्हणून सांगतो.

*

डोमाजीकाका जन्मभर जाळं टाकून मासे धरणारे. मग त्यांनी फायबरची नाव घेतली, तिला डिझेल इंजिन बसवलं आणि रविवारी वैनगंगेच्या बॅकवॉटरवर लोकांना फिरवू लागले. पण पलीकडच्या घाटावरच्या नावेत गाणी वाजायची, म्हणून लोक तिकडेच जायचे. काका दादाकडे आले. "गनेश, माह्या नावेत बी गानं पाहिजे!"

दादानं शंभर ट्रॅक्टरांवर गाण्याचे डेक बसवले होते. नाव पहिलीच. ट्रॅक्टरमध्ये बॅटरीपासून एकच वायर न्यायची असते, दुसऱ्या वायरीचं काम लोखंडी बॉडी करते. दादानं सवयीनं इंजिनच्या बॅटरीपासून एकच वायर ओढली, अँप्लिफायर बसवला, स्पीकर आवळले, बटण दाबलं. काहीच नाही! तासभर घाम गाळल्यावर त्याच्या डोक्यात उजेड पडला. फायबरच्या नावेला लोखंडी बॉडी येणार कुठून?

"काका, नावेत लोखंड कुठी हाय जी? अर्थिंग द्याची हाय."

काका म्हणाले, "पान्यात सोडून दे. पानी का कमी हाय इथं?"

दादा हसला. मी हसलो नाही. मी वायर उचलली आणि पाण्यात सोडली!

काही झालं नाही. एक मासासुद्धा हलला नाही. दादा माझ्याकडे बघतच राहिला. मग हळूच म्हणाला, "संज्या, काका मजाक करून राहिले होते बे."

*

दुसरी वायर ओढल्यावर गाणं लागलं. मग प्रश्न आला, रोजच्या गाण्याला बॅटरी कोणती? काकांनी मेव्हण्याच्या ट्रकची जुनी बॅटरी आणली होती. ती खाली ठेवताना काकांची आणि माझी कंबर लचकली.

"हे लाव. दहा चाकाचा ट्रक वढते, चार गाने नाही वढनार का?"

"नाही वढनार, काका."

"काहून?"

दादाला मीटरच्या भाषेत समजावता आलं असतं. त्यानं तसं केलं नाही. तो म्हणाला, "काका, ट्रकची बॅटरी पहिलवान हाय. एका झटक्यात इंजिन उचलते अन् मंग बसते. गाण्याले दिवसभर थोडं थोडं लागते. तुमी धानाच्या रोवन्याले पहिलवान बलावता का?"

"नाही."

"मंग कोनाले बलावता?"

"बायाइले."

"हां! तं गाण्याले बी रोवनेवालीच पाहिजे."

अशी बॅटरी म्हणजे ट्युब्युलर, घरच्या इन्व्हर्टरला लावतात ती. काकांना पटलं. फक्त त्या दिवसापासून ते तिला बॅटरी म्हणेनात. फोन करून विचारायचे, "गनेश, आपल्या बाईले पानी पाजाचं हाय का?" एकदा हा फोन वहिनीनं उचलला होता. पुढचा अर्धा तास दादाला फार जड गेला!

*

ही ट्युब्युलर पन्नास-पंचावन्न किलोची. घाटावरून नावेत न्यायची होती. दादानं ती पोटाशी धरली, एक पाय नावेत टाकला. दुसरा अजून घाटावर. दोर माझ्या हातात.

मला वाटलं, नावेचं पहिलंच काम आहे, फोटो काढावा. मी दोर सोडला आणि मोबाईल काढला.

नाव सरकू लागली. दादाचे पाय फाकत चालले. पोटाशी ॲसिडनं भरलेली बॅटरी, खाली काळं पाणी.

"संज्या, दोर!"

दोर पाण्यात गेलेला. मी ओरडलो, "दादा, बॅटरी सोड!"

काका माझ्याहून जोरात ओरडले, "सोडू नोको! नाव फुटन!"

आणि त्यांनी कपड्यानिशी पाण्यात उडी मारली. छातीभर पाण्यात उभे राहून नावेला खांदा लावला आणि ती घाटाकडे दाबून धरली. दादा नावेत आदळला तो बॅटरीसकट. त्यानं बॅटरी खाली ठेवली आणि माझ्याकडे वळला. मला वाटलं, आता मार बसणार.

तो म्हणाला, "फोटो आला का?"

आला होता. तेराव्याला हार घालायला दादाचा फोटो शोधला, तर धड असा तेवढाच मिळाला. वहिनीनं चेहरा तेवढा कापून मोठा करून घेतला. येणारे-जाणारे हात जोडून म्हणतात, "किती गंभीर मानूस होता!"

*

दादाचा एक नियम होता. गाण्याची बॅटरी वेगळी, इंजिनची वेगळी. गाण्याची उतरली तर गाणं बंद पडेल. इंजिनची उतरली तर काठावर कोण नेणार?

एका रविवारी नावेत लग्नाचे पाहुणे होते. नवा अँप्लिफायर लावला होता म्हणून आम्ही दोघंही होतो. फोटो काढायला काकांनी मधोमध इंजिन बंद केलं. तेवढ्यात गाण्याची बॅटरी संपली. पाहुणे ओरडू लागले, "आनखी एक! आनखी एक!" दादा पुढे काकांशी बोलत होता. मी दोन वायरी काढून इंजिनच्या बॅटरीला जोडल्या. एकाची सहा गाणी झाली.

मग काकांनी सेल्फ मारला. टक्. पुन्हा मारला. टक्.

वारा सुटला होता. धरणाच्या पाण्यात बुडालेली झाडं तिथे आहेत, वाळलेले शेंडे पाण्याबाहेर येतात. नाव हळूहळू त्यांच्याकडे चालली होती. एक शेंडा घुसला असता तर फायबर फाटलं असतं. नावेत पंधरा माणसं. हँडल मारून इंजिन सुरू करावं, तर हँडल काकांच्या घरी! बायका रडू लागल्या, माणसं उभी राहिली, नाव डोलू लागली.

दादा मागे आला. वायरी बघितल्या. मला बघितलं. सगळ्या वायरी सोडवल्या आणि म्हणाला, "खाली बसा. वीस मिनिटं सगळं बंद. कोनी बोलाचं बी नाही."

उतरलेल्या बॅटरीला निवांत ठेवलं तर तिच्यात थोडा जीव परत येतो. एक सेल्फ मारण्यापुरता. आला तर आला.

सगळे खाली बसले. काका आणि मी वल्ही मारत नाव मागे ओढत होतो. पाण्याशिवाय आवाज नाही. शेंडे इतके जवळ आले की त्यांच्यावरच्या बगळ्याचा डोळा दिसत होता. तेवढ्यात एक म्हातारी कुजबुजली, "बोलल्यानं बी बॅटरी उतरते का जी?"

"उतरते, आजी!"

म्हातारीनं पदराचा बोळा तोंडात घातला.

वीस मिनिटांनी दादानं स्वतः सेल्फ मारला. इंजिन एकदा खोकलं आणि लागलं. घाटापर्यंत कोणी तोंड उघडलं नाही. सगळे उतरले. शेवटी म्हातारी उतरली, तिनं पदर तोंडातून काढला आणि दादाला विचारलं, "आता बोलू का?"

*

दुकानाच्या पाटीवर दादाचा नंबर आहे. फोन आता माझ्याजवळ असतो. लोक म्हणतात, "गनेशभाऊ?" पहिले काही दिवस मी सांगायचो, दादा गेला. मग मला सांगवेना. मी नुसतं "बोला" म्हणू लागलो.

मोहाडीकडच्या एका ट्रॅक्टरवाल्याचा फोन आला. आवाज माझा आणि दादाचा सारखा. तो म्हणाला, "गनेशभाऊ, ट्रॅक्टर लागून नाही राहिला. अन् आयका, तुमच्या त्या भावाले नोका पाठवू. मागच्या खेपेस त्यानं प्लस-मायनस उलटं जोडलं. तुमीच या!"

मी म्हणालो, "मीच येतो."

पोचेपर्यंत त्याला कोणीतरी दादाचं सांगितलं होतं. तो फाटकात उभा होता. मला बघितलं, माझ्या मागच्या रिकाम्या सीटकडे बघितलं. मी बॅटरी काढली, टर्मिनल घासले, प्लस दोनदा तपासला, मायनस तीनदा. ट्रॅक्टर लागला.

निघताना तो म्हणाला, "गनेशभाऊ आले असते तरी एवढाच वेळ लागला असता."

भंडारा रोड लागेपर्यंत मला समोरचं नीट दिसत नव्हतं.

*

गेल्या आठवड्यात डोमाजीकाका आले. गाण्याची बॅटरी म्हातारी झाली होती. "संज्या, रविवारी शाळेची पोरं हायेत नावेत. धा ते पाच. मधात गानं बंद पडलं अन् कोनी घाईत इंजिनच्या बॅटरीले हात लावला..." एवढं बोलून ते माझ्याकडे बघत राहिले. "कोनती द्याची, ते तूच ठरव."

किशोरला कळलं. फोनवर वहिनीला म्हणाला, "त्या पोरांच्या जिवाले काही झालं तं दुकानासंगं घर बी जाईन!"

दादा पुठ्ठ्यावर हिशोब करायचा, इतके अँपिअर, इतके तास. मला तो जमत नाही. मग मी काकांचा अँप्लिफायर आणि स्पीकर नावेतून काढून दुकानात आणले. म्हटलं, वाजवूनच बघू. सात तास चालली पाहिजे, आणि मीटर बारा व्होल्टच्या खाली जायला नको, त्याखाली बॅटरी उतरली समजायची.

पहिल्या दिवशी हलकी लिथियमची लावली. परवडेल एवढ्या आकाराची होती. पाच तासांत गप! दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला मोठी ट्युब्युलर लावली. काकांच्या पेनड्राइव्हमध्ये सगळी वरातीत नाचायची गाणी.

अकरा वाजता शेजारचे कापडवाले आले. "संजू, घरातला मानूस जाऊन दोन महिने नाही झाले, अन् नाचाचे गाने?"

"टेस्टिंग हाय जी."

"कायची टेस्टिंग? लाज नाही का?"

मी आवाज अर्ध्यावर आणला. बंद केला नाही. दुपारपर्यंत दुकानासमोर माणसं जमली. कोणी म्हणालं पोट्ट्याचं डोकं फिरलं, कोणी म्हणालं पिऊन आहे. माझी नजर मीटरवर. बारा पॉइंट सहा. बारा पॉइंट चार.

चार वाजता किशोर आला. सोबत एक माणूस, दुकान विकत घ्यायच्या आधी बघायला आणलेला. किशोरनं तो तमाशा बघितला आणि दुकानामागच्या आमच्या घराच्या दारात जाऊन हाक मारली, "ताई, बाहेर ये! पाहा तुह्या दिराचे धंदे!"

दादा गेल्यापासून वहिनी दुकानात आली नव्हती. ती आली. माणसं आपोआप बाजूला झाली. तिनं स्पीकर बघितले, बॅटरी बघितली, वाकून मीटर वाचला.

"भाऊजी, काका नावेत एवढंच लावते का?"

"नाही वहिनी. फुल लावते."

"मंग तुमी आर्ध्यावर काहून ठेवलं?"

"लोक..."

वहिनीनं हात पुढे केला आणि बटण शेवटपर्यंत फिरवलं. शोकेसची काच थरथरू लागली. मीटरचा आकडा खाली यायला लागला. एक तास बाकी होता.

किशोरचं तोंड हलत होतं. शेवटी तो वहिनीच्या कानाशी येऊन बोंबलला, "ताई, लोक काय म्हनतीन?"

वहिनी मीटरवरची नजर न काढता तितक्याच मोठ्यानं ओरडली, "आयकू येऊन नाही राहिलं! पाच वाजेपर्यंत टेस्टिंग हाय!"