एल्मरची घरघर

आमचं वाद्यांचं दुकान अमेरिकेतल्या मिलवॉकीत, पण गिऱ्हाइकाचं तोंड कधी दिसत नाही. सगळी विक्री इंटरनेटवर. चोरलेल्या कार्डावर कुणी गिटार लांबवत नाही ना, हे बघणं बर्निस कुबियाकचं काम. कॉम्प्युटरला संशय आला की तो ऑर्डर लाल करतो आणि बर्निसच्या पुढ्यात टाकतो. तिची खुर्ची माझ्या शेजारी, त्यामुळे तिची फोनवरची बडबड कायमची माझ्या कानाशी. ही बाई चोराशीसुद्धा आधी हवापाण्याच्या गप्पा मारेल!

त्या गुरुवारी एक अ‍ॅकॉर्डियन, म्हणजे गळ्यात अडकवून भात्याने वाजवायची पेटी, लाल झालं. कार्ड स्टीव्हन्स पॉइंटच्या एल्मर नोवाकचं, माल मात्र दुसऱ्याच गावातल्या एका बारवर पाठवायचा, तोही उद्याच्या उद्या. वाद्य सगळ्यांत महागडं, ईमेलचं खातं त्याच दिवशी उघडलेलं. चोर याहून वेगळं काय करतो?

"रद्द कर आणि मोकळी हो," मी म्हणालो. "चारला ट्रक सुटतो."

"आणि माणूस खरा निघाला तर? भल्या माणसाला चोर ठरवू होय रे?"

ऑर्डरवरचा नंबर चोराचाही असू शकतो, म्हणून तिने बँकेकडून पडताळलेला घरचा नंबर लावला. फोन स्पीकरवर. एल्मरच्या बायकोने, डेल्फिनने, उचलला.

"एल्मरने ऑर्डर दिली? अहो, तो स्वतःला मोजे घेत नाही! चोरच असणार. थांबा, आत्ता कार्ड बंद करते."

कार्ड बंद म्हणजे ऑर्डर मेली. बघ, सांगत होतो ना, अशा नजरेने मी बर्निसकडे पाहिलं.

"जरा दम धरा हो," ती म्हणाली. "त्यांनाच विचारू की. आहेत कुठे?"

"गॅरेजात! रोज आतून कडी लावून बसतो. गवत कापायचं मशीन दुरुस्त करतो म्हणे. आणि छाती कशी घरघरते त्याची! स्वयंपाकघरात ऐकू येतं. डॉक्टरचं नाव काढलं की अंगावर येतो. औषध पाजते, छातीला मोहरीचा लेप लावते, काही फरक नाही. शनिवारी आमच्या लग्नाला चाळीस वर्षं होतील, आणि हे असं... मला फार भीती वाटते हो."

बर्निस एकदम सरसावून बसली. तिचे वडील लग्नांत अ‍ॅकॉर्डियनवर पोल्का नाचाची गाणी वाजवायचे.

"घरघर तालात असते का? एक-दोन, एक-दोन?"

"अगदी! तुम्हाला कसं कळलं? गंभीर आहे का?"

"छे हो! द्या त्यांना फोन."

एल्मर आला.

"नुसतं हो-नाही म्हणा," बर्निस पुटपुटली. "बायको शेजारी आहे?"

"हो."

"लाल रंगाचं अ‍ॅकॉर्डियन? शनिवारी बारमध्ये मेजवानी?"

"हो, हो."

"सरावाच्या जुन्या अ‍ॅकॉर्डियनचा भाता फाटलाय? घरघर त्याचीच ना?"

"हो ना!" म्हणाला, आणि लबाड वर खोकलासुद्धा.

बर्निसने ऑर्डर सोडली. ट्रक सुटायच्या बेतात होता. ते खोकं मी स्वतः उचलून पळालो. माझी पाठ अजून दुखते.

सोमवारी डेल्फिनचा फोन. "तुम्हाला ठाऊक होतं! आणि हा मेला, औषधाच्या बाटल्यांवर बाटल्या मुकाट्याने प्यायला!"

"वाजवलं कसं?" बर्निसने विचारलं.

"पहिल्यांदा नाचलो होतो तेच गाणं वाजवलं. संपलं तशी मी सगळ्यांदेखत त्याच्या छातीला कान लावला. साफ आहे हो. अगदी साफ."